ओसाड अणुनगरात जायचं तर आधी धूळ ओळखा

बेळगाव आणि निपाणीच्या तिघा छायाचित्रकार मित्रांचा प्रश्न असा आहे: अणुअपघातानंतर रिकामं झालेलं शहर प्रत्यक्ष बघायचं आहे, प्रिप्यात किंवा फुकुशिमाकडचं एखादं गाव. किरणोत्सर्ग मोजायचं मीटर कोणतं घ्यावं, अंगावर काय घालावं, आत किती तास थांबता येतं, आणि आठवण म्हणून एखादी वस्तू किंवा चिमूटभर माती आणली तर चालेल का?

प्रिप्यातचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. सध्या जाऊ नका. चेर्नोबिलच्या चौथ्या अणुभट्टीचा स्फोट २६ एप्रिल १९८६ च्या मध्यरात्रीनंतर १ वाजून २३ मिनिटांनी झाला. तिथून तीनेक किलोमीटरवर असलेलं, जेमतेम सोळा वर्षांचं प्रिप्यात शहर दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामं केलं गेलं. सुमारे ४९ हजार माणसं हजाराहून जास्त बसगाड्यांतून बाहेर पडली. तीन दिवसांत परत येऊ, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. पुढे भट्टीभोवतीचा तीस किलोमीटरचा पट्टा बंद झाला. बेळगावहून खानापूर जेवढं लांब, त्याहून थोडं जास्तच. नंतरच्या काळात परवाना आणि वाटाड्या घेऊन तिथे जाता येत असे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन सैन्य याच पट्ट्यातून युक्रेनमध्ये शिरलं, मार्चअखेरीस माघारी गेलं आणि मागे सुरुंग राहिले. तेव्हापासून पर्यटन बंद आहे. १४ फेब्रुवारी २०२५ ला भट्टीवरच्या नव्या पोलादी आच्छादनावर ड्रोन आदळून त्याला भोकही पडलं. तुमच्या हातातलं मीटर सुरुंग दाखवत नाही. चोरवाटेनं नेतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला सरळ नकार द्या.

जपानात मात्र कायदेशीर, स्वस्त आणि शिकण्यासारखी वाट आहे. मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीत अपघात झालेल्या फुकुशिमा दाइइची अणुकेंद्राच्या परिसरातली फुताबा, ओकुमा, नामिए आणि तोमिओका ही गावं टप्प्याटप्प्यानं काही भागांत खुली झाली आहेत. फुताबाच्या स्थानकाभोवतालचा भाग ऑगस्ट २०२२ च्या शेवटी राहण्यासाठी खुला झाला. जोबान रेल्वेमार्ग मार्च २०२० पासून पूर्ण चालू आहे, त्यामुळे तोक्योहून थेट गाडीनं फुताबात उतरता येतं. तिथे २०२० पासून भूकंप आणि अणुआपत्तीचं स्मारक-संग्रहालय आहे, आणि नामिएत समुद्राकाठची उकेदो प्राथमिक शाळा त्सुनामीनंतर होती तशी जपून लोकांसाठी खुली केली आहे. पहिला दिवस या दोन ठिकाणी घालवा, रस्त्यावरचं भटकणं दुसऱ्या दिवशी. आधी काय घडलं ते कळलं की रिकाम्या गल्लीत नेमकं काय बघायचं ते कळतं.

आता मुख्य गोष्ट. अशा ठिकाणी पहिल्यांदा जाणारा माणूस मीटरच्या पडद्याकडे बघत चालतो. हवेतून येणारी किरणं हा काही तासांच्या भेटीत सगळ्यात लहान धोका असतो. मोठे धोके दोन: पायाखालची जमीन, आणि तुमच्याबरोबर घरी येणारी धूळ.

धूळ कशी वागते हे आपल्या भागातल्या माणसाला वेगळं शिकवायला नको. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावरून आल्यावर भंडारा कुठे कुठे निघतो ते आठवा. कानामागे, पाकिटाच्या शिवणीत, बुटाच्या नाडीत, गाडीच्या पायपुसण्यात, आणि आठ दिवसांनी मोबाइलच्या कव्हरखाली. भंडारा पिवळा असतो म्हणून दिसतो. अपघातात बाहेर पडलेला सीझियम-१३७ हा किरणोत्सर्गी पदार्थ चिकटलेली माती साध्या मातीसारखीच दिसते, ती कुठे लागली हे फक्त मीटरला कळतं. म्हणून निघण्याच्या आधी घरी एक सराव करा. पोत्यावर किंवा अंगणात पाव किलो हळद पूड पसरा, ठरवलेले कपडे, बूट, हातमोजे घालून, कॅमेरा आणि तिपाई घेऊन त्यावर अर्धा तास काम करा. गुडघा टेका, लेन्स बदला, पाणी प्या, घाम पुसा. मग कपडे उतरवा आणि पिवळे डाग मोजा. ओठांजवळ, कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरवर आणि पाण्याच्या बाटलीच्या तोंडाशी हळद सापडली तर तुमची पद्धत चुकते आहे. डाग शून्यावर येईपर्यंत हा सराव दोन-तीनदा करायचा. यापेक्षा स्वस्त आणि उपयोगी प्रशिक्षण नाही.

त्या धुळीत काय असतं तेही समजून घ्या. अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यांतला मोठा शत्रू आयोडिन-१३१ असतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा संपायला लागणारा काळ, ८ दिवसांचं, म्हणून तीन महिन्यांत तो जवळपास संपतो. आयोडिनच्या गोळ्या खिशात ठेवून आज या गावांत जाण्यात काही अर्थ नाही, त्या गोळ्या फक्त त्या आयोडिनपासून थायरॉइड वाचवतात. उरतो तो सीझियम-१३७, अर्धायुष्य ३० वर्षांचं, म्हणजे चाळीस वर्षांनीही सुमारे चाळीस टक्के शिल्लक. चेर्नोबिलकडे त्याच्या जोडीला स्ट्रॉन्शियम-९० आहे, जो शरीरात हाडांत जाऊन बसतो, आणि इंधनाच्या बारीक कणांतून आलेलं प्लुटोनियम आहे. त्यातल्या प्लुटोनियम-२४१ चं रूपांतर अमेरिशियम-२४१ मध्ये होतं, त्यामुळे तिथलं अमेरिशियम अजून काही दशकं वाढत राहणार आहे. प्लुटोनियम-अमेरिशियमची अल्फा किरणं कातडीच्या वरच्या मृत थरातच अडतात, म्हणून बाहेर असताना ती निरुपद्रवी. तोच कण श्वासातून फुप्फुसात गेला तर तिथेच बसून वर्षानुवर्षं शेजारच्या पेशींना मारतो. फुकुशिमात हा भाग नगण्य आहे, तिथे हिशेब जवळजवळ पूर्ण सीझियमचाच. प्रिप्यातपेक्षा फुताबात धुळीची काळजी थोडी सोपी का, त्याचं कारण हेच.

सीझियम जमिनीवर सगळीकडे सारखा नसतो. तो चिकणमातीला आणि शेवाळाला घट्ट धरून बसतो. डांबरी रस्त्यावरून चाळीस पावसाळ्यांनी तो धुऊन नेला, पण जिथे पाणी थांबलं तिथे आणून साठवला. म्हणून छपराच्या पन्हाळीचं पाणी जिथे पडतं ती जागा, रस्त्याच्या कडेची गटार, फरशीच्या फटीतलं शेवाळ, झाडाच्या बुंध्याचा खळगा या सगळ्या जागा बाजूच्या रस्त्यापेक्षा दहा-वीस पटींनी गरम, म्हणजे जास्त किरणोत्सर्गी, असू शकतात. प्रिप्यातमध्ये डांबराच्या मध्यावर तासाला अर्धा-एक मायक्रोसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या किरणांच्या मात्रेचं माप) दिसतो आणि तीन पावलांवरच्या शेवाळावर मीटर ठेवलं की आकडा कितीतरी वर उडी मारतो. नियम एवढाच: डांबराच्या किंवा काँक्रीटच्या मध्यावरून चाला, शेवाळावर पाय देऊ नका, साचलेल्या पाण्यात तर नाहीच. जपानात घरं, शेतं आणि रस्ते यांची साफसफाई झाली. मातीचा वरचा साधारण पाच सेंटिमीटरचा थर खरवडून काळ्या मोठ्या पिशव्यांत भरला गेला. डोंगर-जंगल मात्र बहुतेक तसंच सोडलं, घरांच्या कडेचा वीसेक मीटरचा पट्टा सोडला तर. तेव्हा फुताबा-नामिएत रस्ता सोडून झाडीत शिरू नका, आणि डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याच्या काठचा गाळ तुडवू नका.

आकडे कसे वाचायचे? बेळगावात घराच्या बाहेर मीटर साधारण तासाला ०.१ ते ०.२ मायक्रोसिव्हर्ट दाखवेल, कमी-जास्त खडकाप्रमाणे. ग्रॅनाइटच्या फरशीवर थोडा जास्त. विमानात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर तोच आकडा तासाला दोन-तीन मायक्रोसिव्हर्ट किंवा त्याहून अधिक होतो. म्हणजे मुंबई किंवा बेंगळुरूहून तोक्योला जाताना एका बाजूच्या प्रवासात वीसेक मायक्रोसिव्हर्ट अंगावर येतात. फुताबाच्या खुल्या रस्त्यांवर आठ तास भटकलात तर त्यापेक्षा कमी. छातीचा एक एक्स-रे शंभर मायक्रोसिव्हर्टच्या आत असतो, एका सीटी स्कॅनमध्ये काही हजार. सर्वसामान्य माणसासाठी नैसर्गिक किरणोत्सर्ग सोडून वर्षाला १ मिलिसिव्हर्ट, म्हणजे एक हजार मायक्रोसिव्हर्ट, ही मर्यादा धरतात. ‘आत किती तास थांबता येतं’ याचं उत्तर या हिशेबातून येतं: खुल्या भागात दिवसभर. तास मोजायची वेळ येते ती गरम जागेजवळ.

जपानात दोन आकडे पाठ असू द्या. तासाला ०.२३ आणि ३.८ मायक्रोसिव्हर्ट. तिथल्या सरकारनं असं धरलं की माणूस दिवसाचे आठ तास बाहेर असतो आणि सोळा तास लाकडी घरात, जिथे किरणांचा चाळीस टक्के भाग पोहोचतो. म्हणजे दिवसाला ८ अधिक १६ गुणिले ०.४, असे १४.४ ‘बाहेरचे’ तास. ३.८ ला १४.४ आणि ३६५ नी गुणलं की वर्षाला जवळपास वीस हजार मायक्रोसिव्हर्ट येतात, म्हणजे २० मिलिसिव्हर्ट. याच मर्यादेच्या खाली आल्यावर स्थलांतराचे आदेश उठवायचा विचार होतो. ०.२३ मधले ०.०४ नैसर्गिक धरले की उरलेल्या ०.१९ चा हिशेब वर्षाला १ मिलिसिव्हर्टवर येतो. स्थानकांवर, शाळांजवळ, रस्त्याकडेला मोठ्या अक्षरांत आकडा दाखवणारे मापनखांब आहेत. आपलं मीटर त्यांच्या शेजारी धरून ताडून बघा, हीच तुमची तपासणी.

आता मीटर. इथे लोक सगळ्यात जास्त चुका करतात, म्हणून जरा सविस्तर.

स्वस्तातली बहुतेक मीटरं गायगर नळीची असतात, त्यात जुनी सोव्हिएत एसबीएम-२० किंवा तिच्या धर्तीची नळी. ती गॅमा (आरपार जाणारी किरणं) आणि जोरदार बीटा (थोडंच अंतर जाणारी किरणं) पकडते, अल्फा पकडतच नाही. दुसरा प्रकार चपट्या, अभ्रकाच्या खिडकीच्या नळीचा, ज्याला पॅनकेक म्हणतात. ती अल्फा, बीटा, गॅमा तिन्ही पकडते आणि बुटावर, कपड्यावर लागलेली धूळ शोधायला तीच कामाची. तिसरा प्रकार सिंटिलेशन स्फटिकाचा, म्हणजे किरण पडला की चमकणाऱ्या स्फटिकाचा, रेडियाकोडसारखा खिशात मावणारा. तो गॅमाला गायगरच्या कितीतरी पट संवेदनशील असतो आणि किरणांच्या ऊर्जेच्या आलेखातली शिखरं बघून समोर सीझियमच आहे की दुसरं काही हेही सांगतो. तिघांत मिळून एक सिंटिलेशन आणि एक पॅनकेक घ्या, तीन सारखी घेऊ नका.

पॅनकेक जमिनीवर टेकवून ‘तासाला शेकडो मायक्रोसिव्हर्ट’ असे व्हिडिओ बरेच फिरतात. तो आकडा बहुतेक वेळा चुकीचा असतो. मीटरच्या आतलं गणित सीझियमच्या गॅमा किरणांसाठी बसवलेलं असतं. नळीत जमिनीवरच्या बीटा किरणांचा पाऊस पडला की मीटर त्यालाही गॅमा समजून गुणाकार करतं आणि आकडा अनेक पटींनी फुगतो. पॅनकेकवर फक्त मिनिटाला किती ठोके पडले, म्हणजे नळीनं किती किरणं टिपली, ते वाचा, डोस वाचू नका. डोस मोजायचा तर मीटर कमरेच्या उंचीवर, जमिनीपासून एक मीटर, आणि बीटा अडवणारं झाकण लावून. झाकण उघडं आणि बंद, दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे जमिनीवरची बीटा धूळ. हा फरक मोठा असेल तिथे बसू नका, सामान ठेवू नका.

दुसरी चूक घाईची. एसबीएम-२० ला साध्या जागी मिनिटाला वीसेक ठोके पडतात. ठोके मुळातच अनियमित असतात आणि चूक वर्गमुळाएवढी असते: वीसचं वर्गमूळ साडेचार, म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे. आकडा ०.०९ वरून ०.१५ झाला म्हणून घाबरायचं कारण नाही, काहीच बदललेलं नसतं. दहा मिनिटं मोजलं की दोनशे ठोके, चूक सात टक्क्यांवर येते. एका जागेचा आकडा वहीत लिहायचा असेल तर किमान पाच मिनिटं थांबा. उलट टोकाची चूकही माहीत असू द्या: फार जोरदार किरणांत गायगर नळी गुदमरते आणि आकडा कमी किंवा शून्य दाखवते. वाढत वाढत अचानक शून्य झालं तर मीटर बिघडलं असं समजू नका, आल्या वाटेनं मागे फिरा.

सरावाला किरणोत्सर्गी वस्तू कुठून आणायची, हा प्रश्न चिकोडी-रायबाग-संकेश्वरच्या ऊसपट्ट्यात पडायलाच नको. म्युरेट ऑफ पोटॅशचं पोतं घ्या. पोटॅशियमच्या प्रत्येक ग्रॅममध्ये निसर्गतःच सुमारे ३१ बेकरेल (सेकंदाला तुटणारे अणू) असतात, आणि या खतात निम्मं पोटॅशियम. पन्नास किलोच्या पोत्यात पावणेआठ लाख बेकरेल झाले. पोत्यावर मीटर टेकवा, दहा मिनिटं मोजा, मग एक मीटर लांब जाऊन पुन्हा दहा मिनिटं. आकडा कसा उतरतो ते स्वतः बघितलं की अंतराचा नियम डोक्यात बसतो. जुन्या गॅसबत्तीची थोरियमची मँटल मिळाली तर आणखी चांगलं, ती लहान असल्यामुळे बिंदूसारखी वागते: अंतर दुप्पट केलं की आकडा चौथाई. मँटल मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीतच ठेवा, तिचा चुरा श्वासात जाऊ देऊ नका. मीटरसुद्धा मोहिमेत कायम पातळ पारदर्शक पिशवीत असावं. मीटरलाच धूळ लागली तर दिवसभर ते स्वतःचीच धूळ मोजत राहतं.

कपड्यांबद्दल एक गैरसमज काढतो. पांढरा, कागदी दिसणारा संरक्षक सूट गॅमा किरणं अडवत नाही. सीझियमची गॅमा किरणं निम्मी करायला साडेसहा मिलिमीटर जाडीचं शिसं लागतं. सूटचं काम फक्त धूळ अंगाला लागू न देणं, आणि तेच काम साधे कपडे चांगलं करतात. गुळगुळीत नायलॉनची पूर्ण पँट घ्या, कारण खादी किंवा जाड सुतात धूळ अडकते. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, घोट्यापर्यंतचे जाड तळाचे बूट, तळाला खोल खाचा कमी असतील तर उत्तम, आणि पँट मोज्यात खोचलेली. नायट्राइलचे हातमोजे दोन जोड, वरचा मळला की फेकायचा. मास्क एन-९५ किंवा त्याहून वरचा, दोन्ही पट्टे डोक्यामागून जाणारा. दाढी असेल तर मास्क कडेनं गळतो, तेव्हा जाण्याआधी दाढी काढा किंवा बंद खोल्यांत शिरू नका. मास्क लावून जोरात श्वास सोडा, चष्म्यावर वाफ आली तर नाकाची पट्टी बसलेली नाही. जुन्या इमारतींत किरणोत्सर्गी धुळीपेक्षा ॲस्बेस्टॉस आणि बुरशी फुप्फुसाला जास्त त्रास देतात, मास्क त्या दोघांसाठीही हवाच.

तिपाईचे पाय जमिनीला टेकतात, म्हणून त्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या रबरानं बांधा आणि निघताना पिशव्या तिथल्या कचऱ्याच्या व्यवस्थेत टाका. बॅग कधीही खाली ठेवायची नाही. लेन्स बदलायची ती गाडीत. डबा, चहा, पाणी सगळं गाडीत किंवा स्थानकात, हात-तोंड धुऊन. रानातली फळं, आळंबी, कंद यांना हात लावू नका, आळंबी सीझियम फार ओढतात. जपानच्या दुकानांतलं अन्न मात्र बिनघोर खा, तिथे किलोला १०० बेकरेलची मर्यादा आहे आणि तपासणी कडक.

इमारतींविषयी. प्रिप्यातला परवाने मिळत होते तेव्हाही आत शिरायला अधिकृत बंदी होती, आणि तिचं कारण किरणोत्सर्ग नव्हतं. २००५ मध्ये तिथल्या पहिल्या क्रमांकाच्या शाळेची एक बाजू कोसळली. आपल्याकडे जांभ्याची भिंत पावसानं खचते, हळूहळू, फुगवटा दाखवत. तिथे मारेकरी बर्फ आहे. छपरातून झिरपलेलं पाणी काँक्रीटच्या भेगेत गोठतं, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं आणि भेग रुंद करतं. वसंतात पुन्हा पाणी, हिवाळ्यात पुन्हा बर्फ. बाहेरून भिंत सरळ दिसते आणि आत जोडावरचं लोखंड गंजून गेलेलं असतं. त्यामुळे सज्जा आधी पडतो, मग जिन्याचा मधला भाग, मग तख्तपोशी. लिफ्टची दारं भंगारवाल्यांनी नेलेली असतात आणि अंधारात तो खड्डा जमिनीसारखा दिसतो. मॅनहोलची लोखंडी झाकणंही गेलेली, वर गवत. गवतात काठी टेकल्याशिवाय पाय टाकायचा नाही. तळघरात तर कोणत्याही कारणानं उतरायचं नाही: प्रिप्यातच्या रुग्णालयाच्या तळघरात पहिल्या रात्रीच्या अग्निशामक जवानांचे कपडे टाकलेले होते, आणि शहरातल्या सगळ्यात गरम जागांपैकी ती एक आहे.

जपानची घरं लाकडी. तिथे भूकंपानं कौलं सरकली, पाणी आत गेलं, तातामीच्या चटया आणि खालचे वासे कुजले. बाहेरून घर नीटनेटकं, आत पाय टाकला की गुडघ्यापर्यंत खाली. रानडुकरांनी आत वस्ती केलेली असते, आणि उन्हाळ्यात ओसरीखाली मोठ्या गांधीलमाश्यांची पोळी असतात. पण तिथे आत न शिरण्याचं पहिलं कारण हे नाही. ती घरं कोणाची तरी आहेत, आजही त्यांच्याच नावावर. आपल्या जिल्ह्यात हिडकल धरणाचं पाणी उन्हाळ्यात उतरलं की हुन्नूरचं विठ्ठल मंदिर वर येतं आणि जुन्या गावचे लोक तिथे दर्शनाला जातात. बागलकोटची जुनी वस्ती अलमट्टीच्या फुगवट्यात गेली, त्या घरांची माणसं अजून हयात आहेत. फुताबातल्या रिकाम्या घराकडे त्याच नजरेनं बघा. अंगणातून आत डोकावू नका, दारावरची नावाची पाटी फोटोत येत असेल तर चौकट बदला, अडथळे लावलेल्या रस्त्याच्या पलीकडे परवान्याशिवाय पाऊल नको. अणुकेंद्राच्या आसपास ड्रोन उडवायला कायद्यानं बंदी आहे. आणि फार उशीर करू नका, सरकारी खर्चानं जुनी घरं पाडली जात आहेत, गल्ल्याच्या गल्ल्या मोकळ्या प्लॉट होत आहेत.

प्रिप्यातच्या फोटोंविषयीही एक गोष्ट छायाचित्रकारांनी जाणून असावी. खाटेवर बसवलेली बाहुली, बाकावर मांडलेला गॅस मास्क, ही दृश्यं बहुतेक नंतर आलेल्यांनी रचलेली आहेत. अपघातानंतर शहराची साफसफाई झाली, मग लूट झाली, आणि ‘अझूर’ हा जलतरण तलाव तर केंद्राच्या कामगारांसाठी नव्वदीच्या दशकातही चालू होता. तेव्हा प्रत्येक धूळभरली वस्तू १९८६ च्या दुपारी होती तिथेच आहे, असं समजून मथळा लिहू नका.

वस्तू आणण्याचा प्रश्न. नाही, चिमूटभर मातीही नाही. १९८७ च्या सप्टेंबरमध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात एका सोडून दिलेल्या दवाखान्यातून भंगारासाठी उपचाराचं यंत्र उचललं गेलं. त्यातली सीझियमची भुकटी अंधारात निळी चमकत होती म्हणून लोकांनी ती घरोघर वाटली. चार माणसं मेली, २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात ती सापडली, एक लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली. आपल्याकडे २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० असलेलं जुनं यंत्र फोडलं गेलं आणि एक कामगार दगावला. त्या यंत्रांतल्या किरणोत्सर्गापुढे रस्त्यावरची माती काहीच नाही, पण चूक त्याच जातीची आहे: उचलताना हातातल्या वस्तूत काय आहे हे माहीत नसतं, आणि घरी आल्यावर ती मुलांच्या हाती लागते.

परतीचा क्रम. क्षेत्राबाहेर पडताच, गाडीत बसण्याआधी, पॅनकेकनं आधी बुटाचे तळ, मग पँटचे घोटे, गुडघे, हात, कॅमेऱ्याचा पट्टा, शेवटी केस. नळी पृष्ठभागापासून एक सेंटिमीटरवर, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतक्या सावकाश फिरवा. भरभर फिरवली तर डाग हुकतो. त्याआधी स्वच्छ जागी एक मिनिट मोजून पार्श्वभूमीचा आकडा घेऊन ठेवा. ज्या ठिकाणी ठोके त्याच्या दुप्पट होतील तिथे धूळ आहे असं धरा. कपडे झटकू नका, झटकलेली धूळ सरळ नाकात जाते. बूट आधी, मग पँट आतली बाजू बाहेर येईल अशी गुंडाळत, मग शर्ट, मास्क आणि हातमोजे सगळ्यात शेवटी. वरचे कपडे उतरवले की अंगावरची बहुतेक धूळ त्यांच्याबरोबरच जाते. ते पिशवीत बांधा, घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा. अंघोळ कोमट पाण्यानं आणि साध्या साबणानं, केसांपासून खाली. कातडी घासून लाल करू नका, ओरखड्यातून धूळ आत जाते. केसांना कंडिशनर नको, तो कणांना केसांशी चिकटवून ठेवतो.

बुटाचे तळ ब्रश आणि साबणानं धुऊन, वाळवून, पुन्हा मोजा. दोनदा धुऊनही ठोके दुप्पटच राहिले तर ते बूट विमानात चढवू नका, तिथल्याच पालिकेच्या कार्यालयात विचारून त्यांच्या पद्धतीनं टाका. म्हणून सामानात चपलांचा एक जोड आधीपासून ठेवा.